राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर हा महाराष्ट्रातील एक माजी लोकसभा मतदारसंघ आहे. १९५७ सालच्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००४ सालच्या चौदाव्या लोकसभेच्या निवडणुकीपर्यंत तो अस्तित्वात होता. दक्षिण कोकणातील आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरी जिल्ह्याचा राजापूरकडील भाग त्यात येत असे. २००८ साली अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर आणि त्याच्या उत्तरेचा रत्नागिरी हे दोन्ही मतदारसंघ रद्द झाले व रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ निर्माण झाला.

या मतदारसंघात एकंदर १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार व्यक्ती लोकसभेवर निवडून गेल्या : बॅरिस्टर नाथ पै (तीन वेळा), प्रा. मधु दंडवते (पाच वेळा), सुधीर सावंत (एकदा) आणि सुरेश प्रभू (चार वेळा). १९५७ ते १९९१ अशी सलग ३४ वर्षे येथून समाजवादी विचारांचे खासदार निवडून आले. काँग्रेस पक्षाला ही जागा फक्त एकदाच, १९९१ साली, जिंकता आली. महाराष्ट्र हा दीर्घकाळ काँग्रेसचा बालेकिल्ला समजला जात असल्यामुळे राजापूरचा हा इतिहास राज्याच्या राजकारणात वेगळा ठरतो.

## भूगोल आणि विस्तार

मतदारसंघाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीची रांग आणि दक्षिणेस गोव्याची सीमा होती. सह्याद्रीपलीकडे कोल्हापूर आणि बेळगाव हे जिल्हे येतात. घाटमाथ्याशी दळणवळण अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोली या घाटांतून चालत असे. किनाऱ्यावरील विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ला ही जुनी बंदरे आणि अर्जुना नदीच्या खाडीवर वसलेले राजापूर ही येथील ऐतिहासिक व्यापारी ठिकाणे होत.

१९७६ सालच्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघात पुढील सहा विधानसभा मतदारसंघांचा समावेश होता :

* सावंतवाडी
* वेंगुर्ला
* कणकवली
* मालवण
* देवगड
* राजापूर

महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघांना त्या काळी दक्षिण कोकणापासून क्रमांक दिले जात असल्याने राजापूरचा क्रमांक १ होता आणि रत्नागिरीचा २.

मतदारसंघाच्या नावाविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो निर्माण झाला तेव्हा हा सर्व प्रदेश एकाच, म्हणजे रत्नागिरी, जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून सहांपैकी पाच विधानसभा मतदारसंघ सिंधुदुर्गात आणि केवळ राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात, अशी स्थिती झाली. नाव मात्र राजापूर हेच राहिले. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्याचा खासदार शेवटपर्यंत ‘राजापूरचा खासदार’ म्हणून ओळखला जाई.

## सामाजिक पार्श्वभूमी

या भागाची अर्थव्यवस्था भातशेती, मासेमारी आणि आंबा, काजू, नारळ, सुपारी यांच्या बागायतीवर उभी होती. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची, आणि कुटुंबागणिक वाटण्या झालेली असल्याने शेतीवर वर्षभराचा निर्वाह होणे कठीण असे. परिणामी एकोणिसाव्या शतकापासूनच येथील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईला गिरण्यांत, गोदीत, पोलीस व इतर नोकऱ्यांत जाऊ लागले. गावी राहिलेले कुटुंब मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत असल्यामुळे या व्यवस्थेला ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नाव पडले. मुंबईत राहून गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी येणाऱ्यांना कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात.

या स्थलांतराचे दोन राजकीय परिणाम झाले. पहिला, येथील मतदारांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक राहिले. २००१ सालच्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या रत्नागिरी जिल्ह्यात १,१३६ आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात १,०७९ होती. संपूर्ण महाराष्ट्रात ती हजाराच्या बरीच खाली होती. दुसरा, मुंबईतील चळवळींचे वारे येथील खेड्यांपर्यंत त्वरित पोचत. कामगार संघटना, राष्ट्र सेवा दल, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि पुढे शिवसेना या सर्वांचा या भागातील प्रवेश बहुतांशी चाकरमान्यांच्या मार्फत झाला. १९८२ साली सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या, त्याची झळ या मतदारसंघातील असंख्य घरांना लागली.

## निर्मिती

१९५१–५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. तेव्हाच्या मुंबई राज्यातील रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते व ते दोन्ही काँग्रेसने जिंकले. उत्तरेतून जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले. १९५७ साली रचना बदलून रत्नागिरी व राजापूर असे मतदारसंघ झाले.

१९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या ऐन भरात झाली. मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य नाकारून द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण करण्यात आले होते आणि त्याविरुद्धचा रोष पश्चिम महाराष्ट्र व कोकणात तीव्र होता. काँग्रेसविरोधी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील दोन्ही जागा काँग्रेसने गमावल्या. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजी आशर आणि राजापूरमधून प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै विजयी झाले. रत्नागिरीत १९६२ साली काँग्रेसने पुन्हा जम बसवला. राजापुरात मात्र तिला पुढील विजयासाठी ३४ वर्षे थांबावे लागले.

## नाथ पै यांचा काळ (१९५७–१९७१)

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांना कारावास घडला. पुढे इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि युरोपातील समाजवादी युवक चळवळीतही त्यांनी नेतृत्व केले. वयाच्या पस्तिशीत ते लोकसभेत पोचले आणि अल्पावधीतच सभागृहातील उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होऊ लागली.

राजापूर हा गोव्याला लागून असलेला मतदारसंघ होता. गोवा १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याजवळील पत्रादेवी सीमेवर सत्याग्रहींवर झालेला गोळीबार या भागाच्या स्मरणात ताजा होता. गोवामुक्तीचा प्रश्न, बेळगाव–कारवारसह मराठी भाषक प्रदेश महाराष्ट्रात यावा हा सीमाप्रश्न आणि कोकणातील दळणवळणाचा अभाव हे नाथ पै यांच्या संसदीय कार्यातील प्रमुख स्थानिक विषय होते.

१९६२ साली महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची पहिली लोकसभा निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न सुटल्यामुळे विरोधकांच्या एकजुटीचे कारणच उरले नव्हते. राज्यातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली, ती राजापूरची. यावरून १९५७चा विजय केवळ लाटेचा नव्हता, हे स्पष्ट झाले. १९६७ साली नाथ पै तिसऱ्यांदा निवडून आले.

### नाथ पै विधेयक

नाथ पै यांचे नाव भारतीय घटनात्मक इतिहासात एका खासगी विधेयकामुळे नोंदले गेले आहे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निर्णय दिला की, संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच नाथ पै यांनी लोकसभेत घटनादुरुस्ती विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांच्या प्रकरणासह, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे हे अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट करावे, हा त्याचा आशय होता. जनतेने निवडलेल्या प्रतिनिधिगृहाचे सार्वभौमत्व हा त्यामागील युक्तिवाद होता.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले व त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. नागरिकांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर सोपवणे धोक्याचे आहे, असा आक्षेप विरोधी बाकांवरील अनेक सदस्यांनी घेतला. समाजवादी गटांतही याविषयी एकवाक्यता नव्हती. चौथ्या लोकसभेच्या मुदतीत ते मंजुरीपर्यंत पोचले नाही. १९७१ साली सरकारनेच आणलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला दिला. पुढे १९७३ सालच्या केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली, परंतु घटनेची ‘मूलभूत चौकट’ बदलता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

### निधन

डिसेंबर १९७० मध्ये चौथी लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली आणि मार्च १९७१ मध्ये मध्यावधी निवडणूक जाहीर झाली. हृदयविकार असतानाही नाथ पै १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथील हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमाला गेले. १९५६ साली सीमालढ्यात बळी पडलेल्यांच्या स्मृत्यर्थ हा दिन पाळला जातो. तेथे भाषण केल्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी रोजी, त्यांचे बेळगावात निधन झाले. ते ४८ वर्षांचे होते. मालवण येथील बॅ. नाथ पै सेवांगण ही संस्था त्यांच्या नावाने कार्यरत आहे.

## मधु दंडवते यांचा काळ (१९७१–१९९१)

नाथ पै यांच्या आकस्मिक निधनानंतर प्रजासमाजवादी पक्षाने मधु दंडवते यांना उमेदवारी दिली. दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोवामुक्ती सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता आणि १९७० साली ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले होते. ते मूळचे या मतदारसंघातील नव्हते.

१९७१ साली इंदिरा गांधी यांच्या ‘गरिबी हटाव’ घोषणेने देश ढवळून निघाला. महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला मिळाल्या. देशभरात प्रजासमाजवादी पक्षाचे केवळ दोन उमेदवार निवडून आले : पश्चिम बंगालमधील कांथी येथून समर गुहा आणि राजापूरमधून मधु दंडवते. त्याच वर्षी हा पक्ष संयुक्त समाजवादी पक्षात विलीन होऊन समाजवादी पक्ष स्थापन झाला, म्हणजे ‘झोपडी’ या चिन्हावरचा राजापूरचा तो अखेरचा विजय ठरला.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरमध्ये होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना तेथेच अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यांना येरवडा कारागृहात ठेवण्यात आले होते. मतदारसंघाचा प्रतिनिधी दीर्घकाळ तुरुंगात असण्याचा हा राजापूरच्या इतिहासातील एकमेव प्रसंग आहे.

१९७७ साली जनता पक्षाचे उमेदवार म्हणून दंडवते पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना कामावर परत घेणे, सर्व डबे एकाच वर्गाचे असलेली हावडा–मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू करणे आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवण्यास आरंभ करणे हे त्यांचे ठळक निर्णय होत. या शेवटच्या निर्णयाचा लाभ देशातील सामान्य प्रवाशांना मिळाला. मात्र त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एक मैलही रूळ नव्हता.

१९८० साली देशात काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली, तरी दंडवते यांनी जनता पक्षाच्या वतीने जागा राखली. १९८४ साली इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांत राजापूरची एक होती. त्या लोकसभेत जनता पक्षाचे देशभरात अवघे दहा सदस्य होते. १९८९ साली दंडवते जनता दलाच्या वतीने पाचव्यांदा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. सोने (नियंत्रण) कायदा रद्द करण्याचा निर्णय त्यांच्या १९९० च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला.

## कोकण रेल्वेचा प्रश्न

राजापूर मतदारसंघाच्या राजकारणात सर्वाधिक काळ टिकलेली मागणी म्हणजे कोकण रेल्वे. मुंबईला जाण्यासाठी या भागातील लोकांना पूर्वी किनारी बोटींवर आणि नंतर एस.टी. व खासगी बसगाड्यांवर अवलंबून राहावे लागे. पावसाळ्यात बोटवाहतूक बंद असे आणि घाटरस्ते बेभरवशाचे असत. डोंगर, खाड्या आणि दऱ्या यांमुळे येथे लोहमार्ग बांधणे अतिशय खर्चिक ठरेल व त्यातून उत्पन्न मिळणार नाही, हे कारण दाखवून हा प्रकल्प वारंवार मागे ठेवला गेला.

नाथ पै आणि त्यांच्यानंतर दंडवते यांनी ही मागणी लोकसभेत लावून धरली. प्रत्यक्ष प्रगती मात्र मुंबईकडून थोडी थोडी होत गेली. दिवा–पनवेल मार्ग १९६४ साली आणि पनवेल–आपटा मार्ग १९६६ साली पूर्ण झाला. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा–रोहा टप्पा हाती घेण्यात आला व रेल्वे १९८६ साली रोह्यापर्यंत पोचली. रोह्याच्या दक्षिणेस मात्र काहीच नव्हते.

१९८९ नंतर परिस्थिती बदलली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री अशी जोडी एकाच मंत्रिमंडळात आली. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसा मिळण्याची वाट न पाहता स्वतंत्र महामंडळ स्थापून रोख्यांद्वारे बाजारातून भांडवल उभारण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, कर्नाटकाचा १५ टक्के आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. ई. श्रीधरन हे महामंडळाचे पहिले प्रमुख होते.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही मतदारसंघाच्या हद्दीतील प्रमुख स्थानके होत. ज्या प्रश्नासाठी दंडवते यांनी दोन दशके पाठपुरावा केला, तो सुटला तेव्हा ते येथील खासदार राहिले नव्हते.

## १९९१ चा बदल

१९९१ साली काँग्रेसचे उमेदवार, माजी लष्करी अधिकारी सुधीर सावंत विजयी झाले आणि दंडवते यांचा पराभव झाला. राज्यात काँग्रेसने त्या वेळी ३८ जागा मिळवल्या. जनता दलाला एकही मिळाली नाही.

या पराभवामागे एका निवडणुकीपेक्षा दीर्घ कारणे होती. राज्य पातळीवर समाजवादी पक्षसंघटना वारंवारच्या फुटी आणि विलीनीकरणांनी क्षीण झाली होती. एकाच खासदाराने पाच निवडणुका प्रजासमाजवादी पक्ष, जनता पक्ष व जनता दल अशा तीन पक्षांकडून लढवल्या होत्या. गिरणी संपानंतर मुंबईतील जुन्या कामगार चळवळीची पकड सुटली होती. त्याच काळात शिवसेनेने मुंबई–ठाण्याबाहेर विस्तार सुरू केला आणि कोकण हे तिचे पहिले मोठे ग्रामीण क्षेत्र ठरले. काँग्रेसविरोधी मतदार आणि तरुण कार्यकर्ते समाजवाद्यांकडून शिवसेनेकडे वळले. १९९१चा काँग्रेसचा विजय या संक्रमणाच्या मधल्या टप्प्यातला होता; पुढच्याच निवडणुकीत जागा तिच्या हातून गेली.

दंडवते यांनी त्यानंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून काम केले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

## सुरेश प्रभू यांचा काळ (१९९६–२००९)

१९९६ साली शिवसेनेने सनदी लेखापाल आणि सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष सुरेश प्रभू यांना उमेदवारी दिली. ते निवडून आले आणि वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारात उद्योगमंत्री झाले. १९९८ साली महाराष्ट्रात काँग्रेस आघाडीने मुसंडी मारली आणि शिवसेनेच्या जागा १५ वरून ६ वर आल्या, तरी राजापूर व रत्नागिरी या दोन्ही जागा पक्षाने राखल्या. प्रभू १९९९ आणि २००४ सालीही विजयी झाले.

वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांनी पर्यावरण व वने, रसायने व खते आणि ऊर्जा ही खाती सांभाळली. वीज क्षेत्राच्या पुनर्रचनेचे विधेयक ते ऊर्जामंत्री असताना २००१ साली लोकसभेत मांडले गेले; त्याचेच रूपांतर पुढे विद्युत अधिनियम, २००३ मध्ये झाले. ऑगस्ट २००२ मध्ये पक्षनेतृत्वाच्या सांगण्यावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी ऊर्जामंत्री झालेले अनंत गीते हे शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाचे खासदार होते. प्रभू पुढे २०१४ साली भारतीय जनता पक्षात जाऊन रेल्वेमंत्री झाले. अशा रीतीने राजापूरच्या चार खासदारांपैकी दोघांनी रेल्वे खाते सांभाळले.

२००५ साली माजी मुख्यमंत्री आणि मालवणचे आमदार नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले व मालवणची पोटनिवडणूक त्यांनी काँग्रेसच्या वतीने जिंकली. त्यामुळे मतदारसंघातील शिवसेनेची संघटना दुभंगली. या फुटीचा लोकसभा निवडणुकीतील परिणाम दिसला तो मात्र राजापूर मतदारसंघ संपल्यानंतर.

## निवडून आलेले खासदार

| निवडणूक वर्ष | खासदार | पक्ष |
|---|---|---|
| १९५७ | नाथ पै | प्रजासमाजवादी पक्ष |
| १९६२ | नाथ पै | प्रजासमाजवादी पक्ष |
| १९६७ | नाथ पै | प्रजासमाजवादी पक्ष |
| १९७१ | मधु दंडवते | प्रजासमाजवादी पक्ष |
| १९७७ | मधु दंडवते | जनता पक्ष |
| १९८० | मधु दंडवते | जनता पक्ष |
| १९८४ | मधु दंडवते | जनता पक्ष |
| १९८९ | मधु दंडवते | जनता दल |
| १९९१ | सुधीर सावंत | भारतीय राष्ट्रीय काँग्रेस |
| १९९६ | सुरेश प्रभू | शिवसेना |
| १९९८ | सुरेश प्रभू | शिवसेना |
| १९९९ | सुरेश प्रभू | शिवसेना |
| २००४ | सुरेश प्रभू | शिवसेना |

१९७७ साली जनता पक्षाच्या घटक पक्षांनी भारतीय लोक दलाच्या ‘चक्रातील नांगरधारी शेतकरी’ या चिन्हावर निवडणूक लढवली होती. त्यामुळे काही अधिकृत कागदपत्रांत त्या वर्षीचा पक्ष भारतीय लोक दल असा नोंदलेला आढळतो.

## मतदारसंघ रद्द होण्याची कारणे

१९७६ साली झालेल्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांची संख्या गोठवण्यात आली. पुढे चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यामुळे महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, परंतु राज्यांतर्गत सीमा नव्याने आखण्याची मुभा मिळाली. त्यासाठी सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने २००१ ची जनगणना आधारभूत ठरवली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाची रचना फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली.

आयोगाचे मूलभूत सूत्र प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो समान असावी, हे होते. याच सूत्राने दक्षिण कोकणची एक जागा गेली. २००१ साली राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. म्हणजे लोकसभेच्या एका जागेमागे सरासरी २०.१८ लाख आणि विधानसभेच्या एका जागेमागे ३.३६ लाख. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ होती. दोन्ही मिळून ती २५.६६ लाख भरत होती. विधानसभेच्या सरासरीने भागल्यास हा आकडा सुमारे ७.६ येतो. त्यानुसार दोन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला आठ जागा आल्या. त्यापूर्वी त्या बारा होत्या.

| जिल्हा | पूर्वीच्या विधानसभा जागा | २००८ नंतरच्या जागा |
|---|---|---|
| रत्नागिरी | ७ | ५ |
| सिंधुदुर्ग | ५ | ३ |
| एकूण | १२ | ८ |

लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ असतात. बारा जागांत दोन लोकसभा मतदारसंघ बसत होते. आठांत एकच पूर्ण बसू शकला आणि उरलेल्या दापोली व गुहागर या दोन जागा रायगड मतदारसंघाला जोडण्यात आल्या. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला, मालवण आणि देवगड हे विधानसभा मतदारसंघ रद्द होऊन कुडाळ हा नवा मतदारसंघ झाला.

लोकसंख्या कमी पडण्याचे कारण येथील जन्मदरापेक्षा स्थलांतरात अधिक होते. १९९१ ते २००१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे २२.७ टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरीची ९.९ आणि सिंधुदुर्गची अवघी ४.४ टक्क्यांनी. याच पुनर्रचनेत तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या विधानसभा जागा १३ वरून २४ झाल्या आणि लोकसभेच्या दोन जागांच्या (ठाणे व डहाणू) ठिकाणी चार जागा (ठाणे, कल्याण, भिवंडी व पालघर) आल्या. कोकणातून पोटासाठी बाहेर पडलेली कित्येक कुटुंबे याच ठाणे–कल्याण–वसई पट्ट्यात स्थायिक झालेली आहेत. त्यामुळे दक्षिण कोकणाने गमावलेले प्रतिनिधित्व काही अंशी त्याच्याच स्थलांतरित लोकांमागोमाग उत्तरेकडे गेले, असे म्हणता येते.

लोकसंख्या हाच एकमेव निकष धरल्यास विरळ वस्तीच्या, डोंगराळ आणि स्थलांतरग्रस्त प्रदेशांचे प्रतिनिधित्व कमी होत जाते, हा मुद्दा या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक मताचे मूल्य समान असावे हे लोकशाहीचे तत्त्व लोकसंख्याधिष्ठित रचनेला आधार देते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी (१६,१५,०६९) आणि सिंधुदुर्ग (८,४९,६५१) या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली आढळली. त्यामुळे पुढील पुनर्रचनेच्या वेळीही हा प्रश्न उपस्थित होण्याचा संभव आहे.

## उत्तराधिकारी मतदारसंघ

रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. चिपळूणपासून गोव्याच्या सीमेपर्यंत त्याचा विस्तार असल्याने तो जुन्या राजापूरपेक्षा बराच लांबलचक आहे. २००९ साली तेथील पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे नीलेश राणे यांनी सुरेश प्रभू यांचा पराभव केला. २०१४ व २०१९ साली शिवसेनेचे विनायक राऊत आणि २०२४ साली भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे निवडून आले.

राजापूर हे नाव आता केवळ विधानसभा मतदारसंघाच्या रूपाने उरले आहे. राजापूर तालुक्यातील जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यांवरील वादांमुळे हा तालुका नंतरच्या काळातही राज्याच्या राजकारणात चर्चेत राहिला.